जपानमधल्या रामेनच्या दुकानात जेवायचं कसं: तिकीट मशीनपासून रिकाम्या वाडग्यापर्यंत

रामेनच्या, म्हणजे सुपातल्या गव्हाच्या नूडल्सच्या, दुकानात वाडगा समोर येण्याआधीच सगळं ठरलेलं असतं: काय खायचं, किती खायचं, नूडल्स किती शिजलेल्या हव्यात, आणि बहुतेक ठिकाणी पैसेही आधीच दिलेले असतात. वाडगा आल्यावर फक्त खायचं. कारण उकळत्या सुपात पडलेल्या नूडल्स तुमच्यासाठी थांबत नाहीत. फुकुओकाकडच्या बारीक नूडल्स तर पाचेक मिनिटांत मऊ पडायला लागतात. दारातलं तिकीट मशीन, पाठ नसलेली स्टुलं, कमी बोलणं, भुरक्यांचा आवाज, जेवण झाल्या झाल्या उठणं, ही सगळी शिस्त त्या नूडल्सच्या घाईतून आलेली आहे. एवढं ध्यानात ठेवलं तर बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

वाडग्यात काय असतं

रामेनच्या या नूडल्स जपानमध्ये आल्या चीनमधून, योकोहामासारख्या बंदरांच्या वाटेनं. 1910 साली तोक्योच्या असाकुसा भागात राइराइकेन नावाचं दुकान निघालं. मालक जपानी आणि आचारी योकोहामातले चिनी. दुसऱ्या महायुद्धानंतर तांदळाची टंचाई आणि अमेरिकेतून आलेला गहू यांमुळे हातगाड्यांवरचं हे खाणं देशभर पसरलं. आजही काही जुन्या दुकानांच्या पाटीवर ‘चुका सोबा’ असं लिहिलेलं दिसेल. ते रामेनच. बकव्हीट म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या सोबा नूडल्सशी त्याचा संबंध नाही.

नूडल्सचा पिवळटपणा आणि चिवटपणा अंड्यामुळे येतो असं अनेकांना वाटतं. खरं कारण कान्सुई, म्हणजे क्षारयुक्त पाणी. आपल्या उडदाच्या पापडात पापडखार जे काम करतो, जवळपास तेच काम इथे कान्सुई करतं. काही ठिकाणी पिठात अंडंही घालतात, म्हणून अंडं वर्ज्य असेल तर विचारावंच लागतं.

आता मुख्य मुद्दा. मेनूवर शोयु, शिओ, मिसो, तोंकोत्सु अशी चार नावं शेजारी शेजारी दिसतात आणि नवखा माणूस ती एकाच प्रकारची समजतो. पहिली तीन नावं चवीची आहेत. वाडग्याच्या तळाशी आधी ‘तारे’ नावाचा दाट, खारट अर्क घालतात. तो सोया सॉसचा असेल तर शोयु, मिठाचा असेल तर शिओ, मिसोचा, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचा, असेल तर मिसो. तोंकोत्सु हे मात्र सुपाचं नाव आहे: डुकराची हाडं कित्येक तास खळाखळा उकळून काढलेलं पांढरट, दाट सूप. म्हणजे शोयु रामेन मागवलं तर तारे कशाचा ते कळलं, सूप कशाचं ते कळलं नाही. ते कोंबडीचं असेल, डुकराचं असेल, सुक्या मासळीचं असेल किंवा तिन्ही एकत्र असतील. तारे, सूप, वर तरंगणारं सुगंधी तेल (आपली तर्रीच म्हणा), नूडल्स आणि वरून मांडलेले पदार्थ, या पाच गोष्टी जुळल्या की वाडगा तयार होतो.

वरून मांडलेल्या पदार्थांत चाशू म्हणजे डुकराच्या मांसाचे शिजवलेले काप, मेन्मा म्हणजे आंबवलेले बांबूचे कोंब, नोरी म्हणजे समुद्री शेवाळाचा कागदासारखा तुकडा, नेगी म्हणजे कांद्याची पात आणि अजितामा म्हणजे सोया सॉसमध्ये मुरवलेलं, आतून ओलसर बलक असलेलं अंडं. गुलाबी भोवऱ्याची नक्षी असलेली पांढरी चकती दिसली तर तो नारुतो, मासळीपासून केलेला.

पहिला वाडगा कोणता घ्यावा

मांसाहारी असाल तरी पहिल्याच दिवशी तोंकोत्सुवर उडी मारू नका, असं माझं मत आहे. त्याचा वास दुकानाच्या बाहेरूनच येतो आणि डुकराच्या मांसाची सवय नसलेल्या माणसाचं नाक तिथेच मागे फिरतं. तोक्योत असाल तर साधं शोयु रामेन किंवा तोरी पाइतान, म्हणजे कोंबडीचं दाट पांढरं सूप, यापासून सुरुवात करा. कोंबडीच्या सुपावरही डुकराची चाशू ठेवलेली असू शकते, हे मात्र गृहीत धरा.

‘जपानी जेवण मिळमिळीत’ असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी तान्तानमेन आहे. तीळ वाटून केलेला दाट रस्सा, लाल मिरचीचं तेल आणि वर खिमा. मराठी जिभेला हा प्रकार सर्वांत लवकर पटतो. तोक्योतल्या ओत्सुका भागातलं नाकिर्यु हे तान्तानमेनचं दुकान मिशेलिन या खानावळींच्या मार्गदर्शिकेचा तारा मिळवून गेलं. त्याआधी सुगामोतल्या त्सुता या दुकानाला तो मान मिळाला होता. 2016च्या तोक्यो मार्गदर्शिकेत तारा मिळवणारं ते जगातलं पहिलं रामेनचं दुकान. तारा पाहून दोन तास रांगेत उभं राहायचं की नाही, हे तुमच्या सुट्टीचे दिवस किती त्यावर ठरवा. गल्लीतलं चांगलं दुकान फार मागे नसतं.

गावानुसार खायचं ठरवलं तर जास्त मजा आहे. साप्पोरोत मिसो रामेन खा. जाड, पिवळ्या, कुरळ्या नूडल्स, वर परतलेले मोड आलेले मूग, कधी मका आणि लोणी. त्या सुपावर चरबीचा थर असतो, त्यामुळे वाफ दिसत नाही आणि पहिल्याच घोटाला जीभ भाजते. हाकोदातेत शिओ, हलकं आणि पारदर्शक. फुकुशिमा प्रांतातल्या कितकातात चपट्या, लहरी नूडल्स मिळतात आणि तिथले लोक सकाळच्या न्याहारीलाही रामेन खातात. तोंकोत्सु खायचंच तर फुकुओकाला. त्याचा उगम जवळच्या कुरुमे गावात 1937 साली सुरू झालेल्या एका हातगाडीपर्यंत जातो. तोत्तोरी प्रांतात बैलाच्या हाडांचं सूप, ग्युकोत्सु, प्रसिद्ध आहे. गोमांस खात नसाल तर ते नाव लक्षात ठेवा. एरवी रामेनमध्ये गोमांस फारसं भेटत नाही.

शाकाहारी असाल तर हा भाग सोडू नका

नेहमीच्या दुकानात शाकाहारी माणसाला खाण्यासारखं जवळजवळ काहीच नसतं. ‘यासाइ रामेन’ म्हणजे भाज्यांचं रामेन, हे खरं. पण त्या भाज्या डुकराच्या किंवा कोंबडीच्या सुपावर रचलेल्या असतात आणि बऱ्याचदा डुकराच्या चरबीत परतलेल्या असतात. ‘चाशू नको’ म्हटलं तर फक्त वरचे काप जातात. मिसो रामेन शाकाहारी असावं असा एक समज आहे, तोही चुकीचा. सूप अगदी स्वच्छ दिसलं तरी त्यात कात्सुओबुशी म्हणजे सुकवलेला बोनिटो मासा किंवा निबोशी म्हणजे सुकी छोटी मासळी असते. अनेक जपानी लोकांच्या मनात ‘मांस नाही’ या शब्दांत मासळी येतच नाही. त्यामुळे वेटर मनापासून ‘मांस नाही’ म्हणेल आणि मासळीचं सूप आणून ठेवेल. त्यात त्याची लबाडी नसते.

म्हणून प्रश्न सुपाबद्दल विचारा: ‘निकु तो साकाना वा ताबेरारेमासेन. सूपु नि मो हाइत्तेइमास का?’ म्हणजे मांस आणि मासे मी खाऊ शकत नाही, सुपातही आहेत का? अंडं नको असेल तर ‘तामागो’ हा शब्द जोडा. उच्चारावर भरवसा नसेल तर हेच वाक्य जपानी लिपीत फोनवर तयार ठेवा. पुण्यात जपानी शिकलेलं कुणी ना कुणी ओळखीत निघतंच, त्यांच्याकडून एकदा तपासून घ्या. गर्दीच्या वेळी हा प्रश्न विचारला तर उत्तर बहुधा ‘सुमिमासेन’ असं येईल. म्हणजे माफ करा, जमणार नाही. वाद घालू नका. सूप आदल्या रात्रीपासून शिजलेलं असतं, त्यातून काही काढून टाकता येत नाही.

त्यापेक्षा व्हीगन, म्हणजे मांस-मासे-अंडं-दूध काहीच नसलेलं, रामेन ठेवणारं दुकान शोधून जावं. तोक्यो स्टेशनच्या केइयो स्ट्रीटवरचं टीज् तान्तान हे पूर्ण व्हीगन आहे. ते तिकीट फाटकांच्या आत आहे, म्हणून शिंकान्सेन (बुलेट ट्रेन) बदलताना तिथे जेवायचा बेत उत्तम जमतो. आफुरी या साखळीच्या दुकानांत युझु या लिंबासारख्या फळाचं रामेन प्रसिद्ध आहे. ते कोंबडी-मासळीच्या सुपाचं आहे, पण त्यांच्याकडे व्हीगन रामेन वेगळं मिळतं. बटण दाबताना नाव नीट पाहा. हलाल हवं असणाऱ्यांसाठी असाकुसात नारितया आहे. कांदा-लसूण न खाणाऱ्यांची अडचण मोठी आहे. पातीचा कांदा आणि लसूण व्हीगन वाडग्यातही असू शकतात, तेव्हा ते आधी विचारूनच बसा.

कधी जायचं, रांग कशी लावायची

बरीच दुकानं अकराच्या सुमारास उघडतात, दोन-तीनला बंद करतात आणि संध्याकाळी पुन्हा उघडतात. सूप संपलं की वेळेआधीही बंद. दारावर नोरेन, म्हणजे कापडी पडदा, लटकत असेल तर दुकान चालू आहे. साडेबारा ही ऑफिसवाल्यांच्या जेवणाची वेळ, ती टाळा. दुकान उघडायच्या पंधरा मिनिटं आधी किंवा दीडनंतर जा.

रांगेचे दोन प्रकार असतात. कुठे आधी रांग, मग तिकीट. कुठे आत जाऊन तिकीट घ्यायचं आणि मग बाहेर रांगेत उभं राहायचं. पुढचा माणूस काय करतो ते बघा. कधी कधी कर्मचारी रांगेतच तिकिटं गोळा करून जातो आणि तुम्ही बसायच्या बेतात असताना आत तुमच्या नूडल्स शिजत असतात. म्हणून तिकीट देऊन समोरच्या दुकानात डोकवायला जाऊ नका. ‘आमचे अजून तिघं येताहेत’ म्हणून जागा धरणंही चालत नाही. सगळे आल्यावरच उभं राहायचं.

चार जणांना शेजारी शेजारी जागा मिळेलच असं नाही. आठ-दहा स्टुलांच्या काउंटरवर दोन इथे, दोन तिथे बसावं लागतं. आणि आपल्या सवयीचं ‘वन बाय टू’ इथे विसरा: अनेक दुकानांत माणशी एक वाडगा घ्यावाच लागतो. लहान मुलं किंवा आजी-आजोबा बरोबर असतील तर काउंटरच्या दुकानाचा हट्ट सोडा. क्योतो स्टेशनच्या इमारतीत दहाव्या मजल्यावर रामेन कोजी आहे, तोक्यो स्टेशनच्या तळघरात रामेन स्ट्रीट आहे. तिथे टेबलं मिळण्याची शक्यता जास्त. शिवाय कंटाळलेल्या मुलाला फिरवायला जागा असते.

तिकीट मशीन

इथेच बहुतेकांची तारांबळ उडते, कारण मागे रांग असते आणि बटणांवर सगळं जपानीत. म्हणून मशीनसमोर जायच्या आधी ठरवा. बाहेर फोटो लावलेले असतात. फोनचा कॅमेरा धरून गूगल ट्रान्सलेटनं बटणं वाचता येतात, तेही रांगेत उभं असतानाच करा.

जुन्या मशीनमध्ये आधी पैसे घालायचे. तेवढ्या पैशांत मिळणाऱ्या पदार्थांची बटणं उजळतात. मग मुख्य रामेनचं बटण, त्यानंतर जादा अंडं, भात वगैरेंची. शेवटी सुट्ट्या पैशांसाठी दांडा खाली ओढायचा किंवा बटण दाबायचं. अनेक मशीन उरलेले पैसे आपणहून देत नाहीत. काहीच वाचता येत नसेल तर सर्वांत वर डावीकडचं बटण दाबा. दुकानं आपलं मुख्य रामेन सहसा तिथेच ठेवतात. त्याच ओळीतलं महागडं बटण बहुधा ‘तोकुसेइ’ असतं, म्हणजे सगळे पदार्थ घातलेला वाडगा. पहिल्या खेपेला साधंच घ्या, हवं तर अंडं जोडा. अजितामावर शंभर-दीडशे येन खर्च करणं वाया जात नाही.

पैशांची तयारी नीट हवी. जुनी मशीन फक्त हजार येनच्या नोटा आणि नाणी घेतात. त्यात जुलै 2024मध्ये जपाननं नोटा बदलल्या. हजाराच्या नव्या नोटेवर जीवाणुशास्त्रज्ञ कितासातो शिबासाबुरो आहेत, आणि काही मशीन अजून ती नोट ओळखत नाहीत. नोव्हेंबर 2021मध्ये आलेल्या पाचशेच्या नव्या नाण्याचीही तीच गत. प्रत्येक मशीन बदलायला पैसा लागतो आणि हजार येनच्या वर किंमत नेली तर गिऱ्हाईक बिथरतं, या कात्रीत छोटे दुकानदार सापडलेले आहेत. तेव्हा खिशात शंभराची नाणी असू द्या. मोठी नोटच असेल तर ‘र्योगाए ओनेगाइ शिमास’ म्हणा, बरेचदा काउंटरवरून सुट्टे मिळतात. नव्या टचस्क्रीन मशीनवर इंग्रजी असतं, कार्ड किंवा सुइका हे रेल्वेचं प्रीपेड कार्डही चालतं. तोक्योत साधा वाडगा साधारण 900 ते 1200 येनपर्यंत येतो.

काउंटरवर

तिकीट काउंटरवर ठेवा. कर्मचारी ते उचलताना काही विचारेल. बहुतेक वेळा प्रश्न नूडल्सच्या शिजण्याबद्दल असतो: ‘कातामे’ म्हटलं तर थोड्या कडक, ‘फुत्सू’ म्हणजे नेहमीसारख्या, ‘यावाराकामे’ म्हणजे मऊ. फुकुओकाच्या हाकाता पद्धतीच्या दुकानात ‘बारिकाता’ म्हणजे आणखी कडक. गोंधळ झाला तर ‘फुत्सू’ हे उत्तर कुठेही चालतं. योकोहामाच्या इएकेई प्रकारात, ज्याची सुरुवात 1974 साली योशिमुराया दुकानानं केली, चवीची तीव्रता आणि तेलाचं प्रमाणही विचारतात. तिथे मीठ आणि चरबी दोन्ही भरपूर, म्हणून ‘आजी उसुमे, आबुरा सुकुनामे’ म्हणा, म्हणजे चव हलकी, तेल कमी. कमी खाणाऱ्यांनी ‘मेन सुकुनामे’ म्हणून नूडल्सच कमी मागाव्यात. सूप उरलं तर कुणी काही म्हणत नाही, नूडल्सचा ढीग टाकून उठणं मात्र वाईट दिसतं.

पाणी बहुधा स्वतः घ्यायचं असतं. बॅग पायाशी टोपलीत किंवा मागच्या हुकावर. केस लांब असतील तर आताच बांधा. ‘कामी एपुरोन’ मागितलं तर कागदी एप्रन मिळतो. चष्मेवाल्यांना पुढची दहा मिनिटं धुक्यातच काढायची आहेत.

खाताना

फोटो एक, तोही पटकन. काही दुकानांत फोटोला मनाई असते, व्हिडिओला तर अनेक ठिकाणी. आधी रेंगे, म्हणजे खोलगट चमच्यानं सूप चाखा. समोर मिरी, व्हिनेगर, लसूण, मिरचीचं तेल, हाकाताकडे तिखट ताकाना लोणचं आणि लाल आलं ठेवलेलं असतं. आपला हात लगेच तिखटाकडे जातो, त्याला अर्धा वाडगा संपेपर्यंत आवरा. नंतर घाला, जरूर घाला. अर्ध्यावर चव बदलून खाणं ही जपानी लोकांचीही आवडती रीत आहे.

नूडल्स तळातून थोड्या उचला आणि भुरका मारत ओढा. भुरक्यासोबत हवा आत जाते, नूडल्स किंचित निवतात आणि सुपाचा वास नाकापर्यंत पोचतो. लहानपणी कढी भुरकताना मोठ्यांनी डोळे वटारलेल्या सगळ्यांना इथे पूर्ण मुभा आहे. जमत नसेल तर आवाज न करता खा, सक्ती नाही. चॉपस्टिक्सचे दोनच नियम पाळा: अन्नात उभ्या खोचायच्या नाहीत आणि एकमेकांच्या चॉपस्टिक्समधून घास द्यायचा-घ्यायचा नाही. दोन्हींचा संबंध अंत्यविधीशी आहे. काटा मागायला लाजू नका.

सूप संपवायलाच हवं असं नाही. सुपासकट एका वाडग्यात पाच-सहा ग्रॅम मीठ सहज असतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेची दिवसभराची मर्यादा पाच ग्रॅमच्या आतली आहे. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर अर्धं सूप सोडा.

हाकाता पद्धतीच्या दुकानात काएदामा मिळतो: उरलेल्या सुपात नूडल्सचा आणखी एक गोळा, शंभर-दोनशे येनला. बारीक नूडल्स लवकर मऊ पडतात म्हणून एकदम जास्त देण्यापेक्षा थोड्या थोड्या द्यायच्या, अशी ही पद्धत फुकुओकाच्या नागाहामा मासळी बाजाराजवळ रुजली. दोन-तीन घास उरले की मागा, आणि सूप राखून ठेवा.

त्सुकेमेन घेतलंत तर नूडल्स वेगळ्या आणि दाट, खारट सूप वेगळं येतं. बुडवून खायचं. शेवटी उरलेलं सूप ‘सूपु-वारी’ मागून पातळ करून प्यायचं. दुकानातल्या कर्मचाऱ्यांच्या जेवणातला हा प्रकार यामागिशी काझुओ यांनी लोकप्रिय केला, हिगाशी-इकेबुकुरोतलं त्यांचं ताइशोकेन 1961चं. उन्हाळ्यात जपानला गेलात तर हाच घ्या.

रामेन जिरो किंवा त्याच्या धाटणीचं दुकान मात्र पहिल्या खेपेला टाळा. 1968 साली सुरू झालेल्या या प्रकारात ‘लहान’ वाडग्यातही नूडल्स नेहमीच्या दुप्पट असतात आणि ‘निन्निकु इरेमास का’ असं विचारल्यावर लसूण, भाज्या, चरबी यांची ऑर्डर एका दमात सांगावी लागते.

उठताना

वाडगा काउंटरच्या वरच्या फळीवर ठेवा, समोरचं फडकं घेऊन आपली जागा पुसा, ‘गोचिसोसामा देश्ता’ म्हणा आणि निघा. टिप द्यायची नाही. टेबलावर पैसे ठेवलेत तर मागे धावत येऊन परत करतील. गप्पा मारायच्या असतील तर त्या जवळच्या कॉफीच्या दुकानात.

घरी न्यायला पाकिटं घ्यायची तर सुपरमार्केटमधून घ्या, विमानतळावर त्याच वस्तूला जास्त पैसे पडतात. इन्स्टंट रामेन 1958 साली आंदो मोमोफुकु यांनी बाजारात आणलं तेच मुळी कोंबडीच्या चवीचं होतं, आणि आजही बहुतेक पाकिटांत डुकराचा किंवा कोंबडीचा अर्क असतो. वेष्टनावर नुसत्या भाज्यांचं चित्र असलं तरी मागचा मजकूर कॅमेऱ्यानं वाचून घ्या. घरात कुणी शाकाहारी असेल तर पाकिटावर ठळक ‘व्हीगन’ लिहिलेलं पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.